भिंतीकडचे मासे

१८ सप्टेंबर

आज माझ्या घरी मासे आले. मी बोलावले नव्हते.

अकोल्याच्या माझ्या भाचीनं, प्रियदर्शनीनं, परस्पर पैसे भरले आणि राजापेठेतला दुकानदार अमोल काचेची पेटी रिक्षात टाकून दारात हजर. म्हणे कधीचा बेल वाजवत होता. थापा. बेल वाजली असती तर मला ऐकू आली नसती का? अख्खी नोकरी अमरावतीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. ऑपरेटर म्हणून लागले, सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. तारांवर विजा कडाडत असताना हिवरखेडहून कोण काय म्हणतंय ते याच कानांनी टिपलंय. हल्लीच्या बेलांनाच आवाज नाही, त्याला मी काय करू?

पेटी हॉलमध्ये सोफ्यासमोर ठेवली, मधल्या भिंतीला लागून. आमची घरं जुळी. माझा हॉल संपतो तिथं पलीकडे सत्यभामाबाईंचं स्वयंपाकघर लागतं. भिंत एकच, आणि दोघींच्याही मते ती आपली.

"हे निऑन टेट्रा, मॅडम," अमोल म्हणाला. पुढचं तो ओठातल्या ओठात बोलला. मी त्याला तोंड उघडून बोलायला लावलं.

"एकटा-दुकटा देतच नाही मी म्हटलं! घोळक्यानंच जगते हे."

"आणि एकटा ठेवला तर?"

"खात नाही. रंग उडते त्याचा. कोपऱ्यात बसून राहते, मंग जाते."

प्रियदर्शनीनं हेच मासे का निवडले ते माझ्या लक्षात आलं. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा रोज सकाळी एक बोधकथा सांगायच्या. मला बोधकथा दुरून ओळखता येतात.

२२ सप्टेंबर

बोटाच्या पेराएवढे मासे. अंगावर एक निळी रेघ, तिच्याखाली तांबडी. दुपारी पडदे ओढले की अंग दिसत नाही, नुसत्या रेघा तरंगतात. एक वळला की सगळे वळतात. कोण आधी वळतो ते पकडायचा मी प्रयत्न केला. पकडता येत नाही. हुकूम कुणी देत नाही आणि पाळतात सगळे. सरकारी कचेरीत असं कधी पाहिलं नाही.

मला ते आवडलेले नाहीत. पण बघत बसते खरी.

२ ऑक्टोबर

प्रियदर्शनीचा फोन. विषय तोच.

"मावशी, मी सकाळपासून लावतेय. उचलत का नाहीस?"

"वाजलाच नाही."

"वाजतो गं. तुला ऐकू येत नाही. हे बघ, मी आता स्पष्टच सांगते. या वर्षात एक तर कानाची मशीन लाव, नाहीतर इकडे ये. आईनं वरची खोली रिकामी करून ठेवलीय."

आई म्हणजे माझी धाकटी बहीण शालू. तिला खोल्या रिकाम्या करायची हौसच आहे. अकोल्याच्या त्या घरात सकाळी सगळे एकदम उठतात, एकदम जेवतात, एकदम टीव्हीसमोर बसतात. मी लग्न केलं नाही ते काही वरची खोली मिळावी म्हणून नाही. हे घर माझ्या पगारातून उभं राहिलंय. वडील मूर्तिजापूरला रेल्वेत साधे खलाशी, म्हणजे मजूरच, होते. पण लेकीला शिकायला अमरावतीला ठेवताना ते म्हणाले होते, स्वतःच्या दाराची किल्ली स्वतःच्या हातात ठेव. ती मी मरेपर्यंत ठेवणार.

मशीनचं म्हणाल तर, ज्यांना बोलता येत नाही त्यांनी तोंडाला लावावी. सगळं शहर हल्ली गालात सुपारी धरून बोलतं. बातम्या देणाऱ्या मुलीसुद्धा.

५ ऑक्टोबर

पार्वताबाई फरशी पुसता पुसता थांबली आणि भिंतीकडे बोट करून काहीतरी म्हणाली. टीव्ही बंद करून पुन्हा विचारलं.

"सत्यभामाबाई भिंत ठोकून राहिली, बाई! बत्त्यानं! तुमचा टीव्ही तिकडं पार चौकात आयकू येते."

"ठोकू दे. भिंत दणकट आहे."

"काहून भांडता माय दोघी? एकट्या-एकट्या तं आहा."

सत्यभामाबाईंचं आणि माझं पूर्वी बरं होतं. त्या अंजनगाव सुर्जीच्या. नवरा गेला, मुलगा श्रावण पुण्याला. काळ्या मातीची बरीच शेती, बोलणं फटकळ, आणि हातची शेवभाजी अप्रतिम. कुलपाची युक्तीही मीच त्यांना शिकवली. एकट्या बाईनं घरात असताना जाळीतून हात घालून फाटकाला बाहेरून कुलूप लावायचं. वर्गणीवाले, विक्रीवाले, नातेवाईक, सगळे कुलूप पाहून परत जातात. आम्ही दोघी तसंच करतो. मग एक दिवस त्या टीव्हीची तक्रार घेऊन आल्या. वर म्हणाल्या, "ज्योत्स्नाबाई, कानाचं दाखवा एकदा." दुसऱ्याच्या कानाबद्दल बोलायला या कोण? तेव्हापासून बोलणं बंद. त्या बत्त्यानं बोलतात.

९ ऑक्टोबर

आज एक शोध लागला.

मी सोफ्यावर. मासे मध्यावर, शांत. अचानक सगळे एकदम दचकले. मूठ मिटावी तसा घोळका आवळला गेला आणि कोपऱ्यात गेला. दोन क्षणांत पुन्हा तेच. उठून पाहिलं तर दारात कुरिअरवाला, हात वर, ठोकतोय. बेल बिघडलीय म्हणाला.

मग मी पार्वताबाईलाच बाहेर पाठवलं आणि दार ठोकायला लावलं. प्रत्येक वेळी मासे आधी, दार नंतर. पाण्याला धक्का पोचतो आणि तो त्यांच्या अंगात शिरतो. दार ठोकलं तर आखडतात, फाटक वाजलं तर नुसते वळतात, कुकरच्या शिट्टीला खाली जातात. दिवसभरात मला बरंचसं वाचता येऊ लागलं. एक्सचेंजमध्ये बोर्डावर दिवे लागायचे तसंच. दिवा लागला की त्या भोकात तारेची खुंटी घालायची.

मला ऐकू येत नाही म्हणून नव्हे. गंमत म्हणून.

२० ऑक्टोबर

प्रियदर्शनी परीक्षा घ्यायला आली. डॉक्टर दातांची, संशय कानांचा. सोफ्यावर माझ्या शेजारी बसून ती शालूच्या गुडघ्यांचं सांगत होती. मी तिच्या ओठांकडे आणि तिच्या खांद्यावरून माशांकडे बघत होते. मासे आखडले.

"दार उघड. कुणीतरी ठोकतंय," मी म्हणाले.

ती चकित. ड्रायव्हरला तिनंच सांगून ठेवलं होतं, हळूच ठोक म्हणून. थोड्या वेळानं मासे वळले. "फाटक वाजलं," मी म्हणाले. दूधवाला होता. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मावशी, म्हणजे तुला..."

"मला सगळं येतं. तुम्ही नीट बोलत नाही."

जाताना तिनं मिठी मारली आणि खोलीचा विषय काढला नाही. मी जिंकले. माशांना चिमूटभर दाणा जास्त घातला. मनात थोडं खुपलं, पण परीक्षेत शेजारच्याची पाटी बघितली तर बघितली. नापास होऊन घर सोडण्यापेक्षा बरं.

२५ ऑक्टोबर

पार्वताबाई दिवाळी होईपर्यंत येणार नाही. भावाच्या गावी कापूस वेचायला गेली. जाताना सांगून गेली की सत्यभामाबाईही दोन दिवसांत अंजनगावला निघताहेत. "मजूर भेटत नाही म्हणते. सोता उभं राहा लागते. दूधवाल्यालेबी नाही म्हणून सांगून देलं तिनं."

समोरचे देशमुख मुलीकडे नाशिकला गेले. त्यांच्या पलीकडे मोकळा प्लॉट. सगळी कॉलनी माझी.

२८ ऑक्टोबर

शेजारच्या फाटकाला कुलूप. गेल्या एकदाच्या. टीव्ही मनासारखा लावला.

२९ ऑक्टोबर

दुपारी मासे दचकले. दार उघडलं, कुणी नाही. पोरं फटाके फोडत असतील म्हणून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. रस्त्यावर ऊन आणि एक कुत्रं.

घरात आले तर मासे पुन्हा दचकले. माझ्या डोळ्यांदेखत. फटाक्याला ते एकदा उधळतात आणि विखुरतात. हे तसं नव्हतं. आखडायचे, थांबायचे, आखडायचे, थांबायचे. त्याला एक चाल होती.

संध्याकाळी परत तेच.

३० ऑक्टोबर

सकाळपासून. दाराशी कुणी नाही. फाटकाशी कुणी नाही. मागच्या अंगणात कुणी नाही. गॅस बंद, नळ बंद, पंखे बंद, टीव्ही बंद. घर इतकं गप्प की स्वतःचं रक्त जाणवत होतं. आणि पेटीत ते सगळे एकदम आक्रसतात.

ते भिंतीपासून दूर गेलेत. पुढच्या काचेला येऊन चिकटलेत, माझ्याकडे तोंडं करून. रंग गेलाय. निळी रेघ दिसत नाही, तांबडीही नाही. काचेसारखे पांढरट झालेत आणि प्रत्येकाचा एक काळा डोळा माझ्याकडे. पाणी तपासलं, दाणा बदलला. अमोलला फोन केला तर तो ओठांतच काहीतरी पुटपुटला. फोनवर मला ओठ दिसत नाहीत. ठेवून दिला.

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. वडिलांनी छप्पन साली नागपूरला ते सगळं सोडलं आणि आम्हाला परत उचलू दिलं नाही. म्हणून मी तसं काही लिहिणार नाही. एवढंच लिहिते की आज जेवण हॉलमध्ये केलं नाही. स्वयंपाकघरात उभ्यानं जेवले.

३१ ऑक्टोबर

कळलं! आणि संताप संताप झाला.

सकाळी मासे आखडले तेव्हा मी पेटीच्या मागे हात घातला आणि तळवा भिंतीला लावला. भिंत हलत होती. म्हणजे हलत नव्हती, पण आतून कुणीतरी टोचावं तसं हाताला लागत होतं. टक, टक. मग थांबून पुन्हा. खालच्या अंगाला, पार फरशीजवळ.

बाईसाहेब गेल्याच नाहीत. कुलूप लावून आत बसल्यात. माझीच युक्ती, माझ्यावरच. आणि बसून करतात काय, तर बत्त्यानं भिंत ठोकतात. दूध बंद केलं, गावाला चालले म्हणून पार्वताबाईकडून वदवलं, म्हणजे मी बेसावध होऊन टीव्ही मोठा लावीन आणि यांना तक्रारीला जागा होईल. खाली बसून ठोकतात, म्हणजे कुणाला खिडकीतून दिसायला नको. माणसाच्या मनात किती विष असावं! तीन दिवस मी माझ्याच घरात चोरासारखी वावरले, उभ्यानं जेवले, ते या बाईसाठी.

मी लाटणं आणलं आणि त्याच जागेवर तीन दणके दिले. असे की पेटीतलं पाणी हिंदकळलं.

पलीकडून लगेच उत्तर आलं. लगबगीनं, एकामागून एक, किती तरी. तळव्याला मुंग्या आल्या.

मी पुन्हा दिले. तिनं पुन्हा दिले.

मग टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि सोफ्यावर जाऊन बसले. आता ठोक म्हणावं.

१ नोव्हेंबर

कॉलनीत लक्ष्मीपूजन. फटाक्यांनी मासे वेडे झाले होते, पण दुपारच्या शांततेत मी बघत होते. अधूनमधून तिचं चालूच. आज जोर कमी. दमली असेल. वयानं माझ्याहून मोठी आहे, तिला शोभतं का हे?

मी प्रत्येक वेळी उत्तर दिलं. एकही सोडलं नाही.

२ नोव्हेंबर

सकाळी एकदा. ओरखडल्यासारखं. मासे दचकलेही नाहीत, नुसते वळले. मी दोन दणके दिले.

त्यानंतर काही नाही. दुपारभर तळवा लावून उभी होते. नाही.

हरली. शेवटी तिला शेरास सव्वाशेर भेटलं. इतके दिवस मनात जळजळ होती, ती आज गेली. साखर घालून चहा केला आणि सोफ्यावर बसून प्यायले.

५ नोव्हेंबर

मासे मधल्या भिंतीकडे गेलेत. मागच्या काचेला तोंडं लावून, रांगेत, एकही शेपूट न हलवता. खायला येत नाहीत. मी काचेवर टिचकी मारली तरी वळत नाहीत. रंग मात्र परत आलाय. इतका की दुपारी पडदे ओढल्यावर भिंतीवर निळसर उजेड पडतो.

कुलूप तसंच आहे. लाज वाटत असेल बाहेर यायची.

७ नोव्हेंबर

श्रावण पुण्याहून आला. आईचा फोन लागत नव्हता. शेतात रेंज नसेल म्हणून त्यानं दिवाळीचे दिवस जाऊ दिले, मग अंजनगावला विचारलं. त्या तिथं पोचल्याच नव्हत्या. कुलूप तोडलं. पोलीस आले. मी व्हरांड्यात उभी होते.

आज एवढंच.

८ नोव्हेंबर

स्वयंपाकघरात पाय घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं. फळीवरचा बत्ता कसा तरी हाताशी आला असावा. मोबाइल पलंगावर राहिला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी श्रावणला सांगितलं की लगेच गेल्या नाहीत. तीन-चार दिवस होत्या.

हे सगळं तो माझ्या हॉलमध्ये बसून सांगत होता. रडका आवाज, पण प्रत्येक शब्द समजत होता, कारण तो मान वर करून माझ्याकडे बघत बोलत होता. त्याच्यामागे पेटी होती.

"मावशी, तुम्ही इथंच होत्या ना दिवाळीत?"

"इथंच होते."

"पलीकडची भिंत खालून पार फुटली हो. पोपडे निघाले. तिनं खूप ठोकलं असंल. तुमाले काहीच आयकू नाही आलं?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानं माझा हात हातात घेतला. "तुमच्या कानाचं ती नेहमी म्हणे. काळजीनं म्हणे हो. तुमचा दोष नाही, मावशी."

प्रश्न ऐकण्याचा होता. उत्तर खरं दिलं.

१० नोव्हेंबर

लाटणं बंबात घातलं.

१६ नोव्हेंबर

प्रियदर्शनीला फोन करून मीच सांगितलं, मशीन लावायची. ती इतकी आनंदली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. काल ती येऊन मला दवाखान्यात घेऊन गेली. दोन्ही कानांत बसवलीय, वालाच्या दाण्याएवढी.

जग फार कर्कश आहे. फ्रिज कण्हतो. पार्वताबाईच्या बांगड्या खणखणतात. माझ्या चपला माझ्याच मागून चालतात. माशांचा पंप सतत फुरफुरतो, इतके दिवस मी त्याला मुका समजत होते.

पार्वताबाई म्हणाली, "आता टीव्ही किती बारीक लावता, बाई. मलेच आयकू नाही येत." मी टीव्ही लावणंच सोडलंय.

प्रियदर्शनी म्हणते, आता अकोल्याची गरज नाही, मशीन आहे ना. जे हवं होतं ते मिळालं. घर माझ्याकडे राहिलं.

२१ नोव्हेंबर

दुपारी मासे आखडले.

पंप फुरफुरत होता, फ्रिज कण्हत होता, बाकी काही नाही. मशीन काढून पुसून पुन्हा घातली. दुसरा आवाज नाही. मासे थांबले. आखडले. थांबले. आखडले. तीच चाल.

भिंतीला हात लावला नाही.

२२ नोव्हेंबर

पुन्हा. पार्वताबाईला बोलावलं.

"इथं हात लाव. काही लागतं का?"

तिनं दोन्ही तळवे लावले, डोळे मिटले. "थंडगार आहे. बाकी काईच नाही, बाई."

"मासे बघ."

"मासे तं चांगले फिरून राहिले."

फिरत होते. ती समोर असेपर्यंत छान फिरत होते. ती भांडी घासायला वळली आणि सगळ्यांचा रंग एकदम गेला, दिवा मालवावा तसा. मी तळवा लावला.

टक, टक. पार फरशीजवळ.

२५ नोव्हेंबर

मी भित्री नाही. एक्सचेंजला आग लागली होती तेव्हा शेवटची बाहेर पडले होते. म्हणून बसून नीट विचार केला. कारण असणार. त्या घरात नळ गळत असेल, उंदीर असेल, फुटलेल्या भिंतीतून पोपडे पडत असतील. मोकळं घर आवाज करतं. जाऊन बघितलं की संपलं.

श्रावण दिवस करून परत जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेला. "घर विकेपर्यंत राहू द्या. तुमच्याशिवाय कोण आहे इथं तिचं?" असं म्हणाला.

आज गेले नाही. पेटीवर चादर टाकली.

२९ नोव्हेंबर

सकाळी अकरा वाजता गेले. लख्ख ऊन होतं. पार्वताबाई काम आटोपून निघून गेली होती. माझं घर बंद केलं. टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद असल्याचं पाहिलं. कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरली. हे सगळं मुद्दाम लिहून ठेवते.

सत्यभामाबाईंचं स्वयंपाकघर स्वच्छ धुतलेलं आहे. नळ कोरडा. उंदराची लेंडी नाही. भिंतीला फरशीपासून वीतभर उंचीवर मोठा खळगा पडलाय आणि आतली वीट दिसते. तिच्यावर पांढरे ओरखडे. उभ्यानं तिथं हात पोचत नाही. बसले तरी नीट पोचत नाही. शेवटी मी फरशीवर आडवी झाले, तिकडे तोंड करून. तिथून दार दिसत नाही, खिडकी दिसत नाही. फक्त ती भिंत दिसते.

मशीनमधून काही ऐकू येत नव्हतं. किती वेळ पडून होते माहीत नाही. फरशीचा गारवा हाडात गेला. मग मी खळग्यात मूठ टेकवली आणि ठोकलं. जोरात नाही. का ठोकलं ते सांगता येणार नाही. तिथं पडल्यावर दुसरं काही करण्यासारखं नसतं.

पलीकडून तीन दणके आले.

हाताला नव्हे. कानांना. मशीनमधून, स्वच्छ. लाकूड भिंतीवर आपटतं तसे. रागानं दिलेले. माझ्या बंद घरातून.

मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी आहे. कुणाला तरी कळलं. मी दोन्ही मुठींनी ठोकायला लागले, थांबलेच नाही, बोटांची सालटी गेली. पुन्हा तीन दणके आले.

आणि मग पलीकडे टीव्ही लागला. बातम्या देणारी मुलगी बोलायला लागली. तिचा आवाज वाढत गेला, वाढत गेला, शेवटपर्यंत. प्रत्येक शब्द समजत होता.

मी बाईंच्या ओट्याला धरून उठले. त्यांच्या पुढच्या पायरीवर, उन्हात बसून हे लिहिते आहे. वही पिशवीत होती. किल्ली अजून मुठीत आहे. आवाज इथंही येतोय. रस्त्यानं माणसं जाताहेत आणि कुणीही मान वळवत नाही.

प्रियदर्शनीला फोन केला. वरची खोली रिकामी आहे का, विचारलं. आजच ये म्हणाले, माझं काही घ्यायचं नाही. दाराशी गाडी लाव, मी फाटकाबाहेर उभी असेन.

"काय झालं मावशी? मावशी! ऐकतेस ना?"

"ओरडू नकोस," मी म्हणाले. "मला सगळं ऐकू येतंय."